टायरमधली हवा

"बास करा की आता मामा. किती टणक करताय?"

एक हात पोटाखाली आणि दुसरा दाराच्या चौकटीवर ठेवून मी अंगणाच्या कडेला उभी होते. मामा जीपच्या पुढच्या चाकाशी पायपंप मारत होते. थंडी होती, दरीतून धुकं वर चढत होतं, तरी त्यांच्या मानेवर घाम दिसत होता. सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्या. आत्या जीपच्या मागच्या भागात गादीवर गोधड्या अंथरत होत्या. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते.

"वाटेत हवा उतरली तर?" पाय न थांबवता मामा म्हणाले. "गाडी एकदा हलली की वाईलाच थांबायची."

सकाळी उठले तेव्हा परकर भिजलेला होता. आधी मला वाटलं पाणी. उजेडात जाऊन पाहिलं आणि भिंतीला धरून खाली बसले. सातवा महिना चालू होता. वार खाली, पिशवीच्या तोंडाशी आहे, हे वाईच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. धक्के खायचे नाहीत, असंही सांगितलं होतं. आणि रक्त दिसलं तर घरी बसायचं नाही, लगेच निघून यायचं. कुसरवाडीत राहणाऱ्या बाईनं या दोन्ही गोष्टी एकदम कशा करायच्या, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

कुसरवाडी दरीच्या तळाशी आहे. वर डांबरी रस्त्याला लागेपर्यंत सगळी चढाची कच्ची वाट. त्याच्या दोन वर्षं आधी रस्ता मंजूर झाला म्हणून ठेकेदारानं त्या वाटेवर मुठीएवढी, नारळाएवढी, धारदार खडी ओतली आणि रोलर आणतो म्हणून गेला तो आलाच नाही. ॲम्ब्युलन्स डांबर सोडून खाली उतरत नाही. वाडीत फोनला रेंज नाही. आणि माझा नवरा, रणजित, स्ट्रॉबेरीच्या पेट्या घेऊन पहाटेच पिकअपनं पुण्याच्या मार्केटला गेला होता.

उरली ही जीप. संक्रांतीच्या आधी मामांनी तिचे चारही टायर बदलून आणले होते. जाडजूड, भिंत अशी की अंगठ्यानं दाबली तर अंगठाच दुखावा. रणजित हसला होता. "तुझ्या बाळंतपणासाठी मामांनी जीपला ट्रकचे टायर बसवलेत," म्हणाला होता. "काही झालं तरी फाटायचे नाहीत." तेव्हा मला भरून आलं होतं. माहेरी मला पुष्कळांनी साड्या घेतल्या, कानातलं घेतलं. पण टायर कुणी घेतले नव्हते.

"चल पोरी," मामा म्हणाले.

मी गादीवर आडवी झाले. डोकं आत्यांच्या मांडीवर. मामांनी जीप सुरू केली, पुढच्या चाकांनाही जोर लावायचा तो छोटा दांडा ओढला आणि आम्ही अंगणातून बाहेर पडलो.

पहिलाच दगड असा बसला की माझे दात एकमेकांवर आपटले.

टायर दगडावरून जात नव्हता. दगडावर आपटून उडत होता, आणि खाली येऊन पुढच्या दगडावर पुन्हा आपटत होता. चाकाला बसलेला दणका स्प्रिंगच्या पाट्यांतून, पत्र्यातून, गादीतून थेट पाठीच्या मणक्यात येत होता. तिथून तो कुठं जातोय हे मला कळत होतं. मी दोन्ही हातांनी पोट धरून ठेवलं होतं, जसं काही हातांनी धरल्यावर आत धक्का पोचणार नाही.

"मामा, हळू."

"हळूच हाय गं."

हळूच होते ते. पण हळू गेल्यानं एकेक दणका थोडा लहान झाला, एवढंच. दगड तेवढेच राहिले आणि वाट लांबली. मांड्यांमध्ये काहीतरी कोमट सरकलं. मी आत्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी गोधडी जरा उचलून पाहिली आणि पुन्हा घातली.

"किती आहे?"

"थोडं हाय."

"आत्या, खरं सांगा."

"थोडंच हाय म्हणते ना," त्या म्हणाल्या, आणि माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. हाताला राखेचा वास होता.

बाळ सकाळपासून हललं नव्हतं. एरवी याच वेळेला ते पोटात डावीकडे टाच लावून बसायचं. मी तिथं बोट दाबून पाहिलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग वाटलं, मीच त्याला त्रास देतेय, आणि बोट काढून घेतलं.

पुढच्या वळणाला जीप दोनदा लागोपाठ आपटली आणि पोट दगडासारखं कडक झालं. सैल पडायला खूप वेळ लागला. तेवढ्या वेळात मला एकच गोष्ट आठवली. हंगामात याच वाटेनं फळ वर जातं. पेट्या भरल्या की रणजित पिकअपच्या प्रत्येक चाकाशी बसतो, व्हॉल्व्हची पिन काडीनं दाबतो आणि फुस्स करून हवा सोडतो. टायर खाली थोडा पसरला की थांबतो. मला दाखवून म्हणायचा, "बघ, टायरला तुझ्यासारखं पोट सुटलं पाहिजे. मग तो दगड गिळतो. टणक ठेवला तर वर पोचेपर्यंत पेटीत नुसता रस." हे त्याला मामांनीच शिकवलं होतं. वाडीत सगळे तसंच करतात. वर डांबराला लागले की पुन्हा हवा भरतात.

"मामा," मी म्हटलं, "हवा सोडा ना थोडी."

"न्हाई."

"फळाला सोडता तशी. थोडीच."

"न्हाई म्हणलं ना."

माझ्याशी ते असे कधी बोलले नव्हते. मग त्यांनाच जाणवलं असावं, आवाज उतरवून म्हणाले, "टायर मऊ झाला की त्याची भिंत फुगून भाईर येती. ह्या खडीला धार हाय. एक बसली की चिरला. मग हितंच, अशा मधल्या मधी बसायचं? स्टेपनी एकच हाय. पाय लांब करून पड. आणतोय मी हळूहळू."

आत्या बाहेर बघत होत्या.

पुढचा दणका बसला तेव्हा मी ओरडले. ओरडायचं नाही असं ठरवलं होतं, पण ओरडले. आणि मग जे बोलायला नको होतं ते बोलून गेले.

"स्ट्रॉबेरीसाठी हवा सोडता मामा. माझं बाळ तिच्यापेक्षा टणक वाटलं का तुम्हाला?"

जीप थांबली.

इंजिन चालूच होतं. मामा वळले नाहीत. मला फक्त त्यांची मान दिसत होती आणि टोपीखालून आलेले पांढरे केस.

"फळ नासलं तर दुसरं येतंय, पोरी," ते म्हणाले. "फळाची गाडी वाटेत बसली तर मी उद्याबी नेतो. तुला घेऊन बसलो तर उद्या काय करू मी?"

त्यांचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. माझ्याखाली गोधडी भिजत चालली होती.

"सोडा हवा," आत्या म्हणाल्या.

"तू सांगतीस?" मामा एकदम वळले. "तू?"

"मीच सांगते. तवाबी मीच सांगितलं हुतं."

त्या एका वाक्यानं जीपमध्ये काय झालं ते मला समजलं नाही. एवढंच दिसलं की मामांचा चेहरा क्षणात म्हातारा झाला. आत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या, डोळे न हलवता. मला माझ्या भीतीपेक्षाही त्या बघण्याची भीती वाटली. असं वाटलं की या गाडीत माझ्याआधीपासून कुणीतरी बसलेलं आहे आणि फक्त मलाच ते दिसत नाही.

मामांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले.

मग फुस्स ऐकू आलं. एका चाकाचं, मग दुसऱ्याचं. प्रत्येक वेळेला जीप माझ्याखाली थोडी बसायची. मधूनच मामांचा तळवा टायरवर थापटल्याचा आवाज. अंदाज घेत होते ते. फळाला सोडतात त्यापेक्षा जास्त सोडली असावी, कारण बराच वेळ लागला.

"आता मी पुढं चालते," आत्या म्हणाल्या. त्यांनी माझं डोकं हळूच उचलून उशीवर ठेवलं.

"कुठं?"

"चाकांच्या पुढं. धारंचा दगुड दिसला की बाजूला करते. न हलणारा असला तर हात करते. कळलं का हो? डावा हात केला की डावीकडनं घ्यायची."

"चपला घाल," मामा म्हणाले.

"निसटत्यात चपला."

मी त्यांचा पदर धरला. घट्ट धरला. "आत्या, मला एकटीला सोडून नका जाऊ."

"पळून चालले का मी?" त्यांनी एकेक बोट सोडवलं. "तुझ्याच म्होरं हाय, तेजू. मान उचललीस की दिसंन."

मान उचलायची मला बंदी होती. तरी उचलली. समोरच्या काचेतून धुक्यात त्यांची पाठ दिसली. पदर कमरेला खोचलेला, अनवाणी. त्या वाकायच्या, दगड उचलून दरीकडे फेकायच्या, दोन पावलं टाकायच्या, पुन्हा वाकायच्या. मागं मामा पहिल्या गिअरमध्ये, चालणाऱ्या माणसाच्या वेगानं.

आणि दणके गेले.

अगदीच गेले नाहीत. जीप डोलत होती, पाण्यातल्या होडीसारखी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला कलत होती. पण ती आपटण्याची धार गेली. चाक दगडावर चढताना आता एक मऊ, ओढल्यासारखा आवाज यायचा आणि दगड जणू टायरच्या पोटात शिरून खालून निघून जायचा. माझा जबडा सैल झाला, तेव्हा कळलं की मी तो किती वेळ आवळून धरला होता.

"तेजू, हायस का जागी?"

"हो."

"बोलत ऱ्हा. काय तरी बोल."

"काय बोलू?"

मामांना बोलायची सवय नव्हती. दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस. पण त्या सकाळी ते बोलत सुटले. बिनकामाचं, तोंडाला येईल ते. "रणजित म्हणत हुता, तुला स्ट्रॉबेरी आवडत न्हाई."

"वास नको वाटतो. दिवस गेल्यापासून."

"माझ्या घरात येऊन!" ते म्हणाले. "बाहेर कुठं बोलू नकोस हे. गिऱ्हाईक तुटंल माझं."

मी हसले असेन थोडी. आणि हसताना पुन्हा कोमट काहीतरी सरकलं आणि हसू गेलं. डोळ्यांपुढं बारीक काळे ठिपके यायला लागले होते. मी ते मामांना सांगितलं नाही.

वाटेत शेवटी एक चिंचोळा तुकडा आहे, नळी म्हणतात त्याला. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. ठेकेदारानं तिथं खडीचा अख्खा ढीग तसाच टाकलेला. आत्या त्या ढिगात वाकून हातांनी खडी बाजूला सारत होत्या, माती उकरणाऱ्या जनावरासारख्या. एक मोठा धोंडा त्यांना हलेना. त्यांनी त्याला पाय लावला, खांदा लावला. मग उभ्या राहिल्या आणि डावा हात वर केला.

मामांनी जीप डावीकडे घेतली. पुढचं चाक गेलं. मागचं चाक चढलं आणि घसरलं.

खर्र असा आवाज आला. नवं मांजरपाट कापड फाडताना येतो तसा.

मामांनी जीप थांबवली. आणि उतरलेच नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

"मामा, बघा की काय झालं."

"बघतो."

पण ते हलले नाहीत. मी पुन्हा हाक मारली. त्यांचे हात स्टिअरिंगवर असे आवळले होते की नखं पांढरी झाली होती. मग मला कळलं की तो माणूस उतरूच शकत नव्हता. आता संपलं, मला वाटलं. डांबर इथून दिसत असेल आणि आपण इथं बसणार.

आत्या धावत मागं आल्या. माझ्या डोक्याजवळच, पत्र्यापलीकडं, त्या चाकाशी वाकलेल्या मला ऐकू आल्या. त्यांचा धापा टाकणारा श्वास. मग श्वासही थांबला.

"चिरलाय," त्या म्हणाल्या. "लांब चिरलाय. आतलं सूत दिसतंय."

"हवा?" मामांनी विचारलं.

"थांबा."

"कान लाव. हौसे, कान लाव त्याला."

"लावलाय."

मी डोळे मिटून घेतले. कुठंतरी खाली दरीत बुलबुल ओरडत होता आणि मला त्याचा राग आला.

"जाईना हवा," आत्या म्हणाल्या. "धरलीय. भिंत जाड हाय म्हणून धरलीय. चला. हळू चला, पण चला."

डांबराला लागलो तेव्हा धुकं विरलं होतं. मामा उतरले, पंप काढला. मऊ टायर डांबरावर पळवला की तापतो, आणि त्यात एक चिरलेला. हवा भरल्याशिवाय घाट उतरता येणार नव्हता. चाक बदलायला किंवा ॲम्ब्युलन्स वाईहून वर येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. इथं रेंज होती. आत्यांनी फोन करून दवाखान्यात कळवलं आणि पुन्हा येऊन माझं डोकं मांडीवर घेतलं. त्यांच्या पायाच्या अंगठ्याचं नख उलटलं होतं. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी तो पाय लुगड्याखाली घेतला.

बाहेर पंपाचा आवाज चालू होता. फस्स, फस्स.

"कुंदा म्हायत हाय ना तुला?" आत्या एकदम म्हणाल्या.

माहीत होतं. रणजितची थोरली बहीण. लहानपणी पोटात दुखून गेली, एवढंच घरात सांगितलं जायचं आणि विषय बदलायचा.

"असंच न्यायचं चाललं हुतं तिला. ह्याच वाटंनं, जुनी जीप हुती. पोटाला गाडीचा दणका लागला की किंचाळायची. माझ्यानं ऐकवंना. मी म्हणलं, हवा सोडा. हे नको म्हणत हुते. मी रडून, भांडून सोडाया लावली." त्या माझ्या केसांतून बोटं फिरवत होत्या. "तवाचे टायर पातळ. नळीत दगडानं फाडला. आणि स्टेपनीतबी हवा न्हाई. ह्यांनी पोरीला खांद्यावर घेतलं आन् चढ चढले. हितं, डांबराला लागायच्या आधीच..."

पंपाचा आवाज थांबला होता. मामांना ऐकू गेलं असेल की नाही, माहीत नाही. त्यांनी पंप आत टाकला, दार लावलं आणि म्हणाले, "धरून बसा."

दवाखान्यात मला टेबलावर घेतलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पोटावर ते यंत्र फिरवलं. नुसती खरखर. त्यांनी दुसरीकडे ठेवलं. खरखर. एक नर्स माझा हात धरून उभी होती आणि तिनं माझ्याकडं बघायचं थांबवलं होतं. तिसऱ्या जागी खूप खालून, घाईघाईनं धावत आल्यासारखा आवाज आला.

"हे बघ," बाई म्हणाल्या. "ठोके."

मला तिथंच ठेवून घेतलं. रक्त दिलं, इंजेक्शनं दिली, पुढचे कित्येक दिवस बिछान्यावरून उतरू दिलं नाही. दिवस जवळजवळ भरत आले तेव्हा ऑपरेशन करून मुलगी झाली. आता तिला चौथं लागलंय, आणि ती दुपारी झोपते तेवढ्यातच माझं लिहिणं होतं.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशीच्या संध्याकाळचं. रणजित वाटेत होता. माझ्या हाताला रक्त चालू होतं. खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला, आणि पडद्यापलीकडं बाकावर मामा आणि आत्या बसले होते. मग मामांचा आवाज आला.

"हौसे."

"हं."

"तवाबी हवा सोडली ती बरोबरच हुती. दगुड मला दिसला न्हाई."

बाकाची करकर झाली. कुणीतरी जागा बदलली असावी.

"मी पुढं चालले असते तर मला दिसला असता," आत्या म्हणाल्या. "पण पोरगी माझ्या मांडीवर हुती. उतरणार कशी हुते मी?"

"व्हय," मामा म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "कशी उतरणार हुतीस."

मी डोळे मिटून पडून राहिले, आणि मला झोप लागली आहे असं त्यांना वाटू दिलं.